छायाचित्रातले झाड

झाडाच्या सावलीला दोन पाय होते.

छायाचित्र जुने, काळेपांढरे, कडांना हळदीची झाक आलेले. शाळेच्या पहिल्या फुटबॉल संघाचे अनवाणी खेळाडू मैदानावर ओळीने उभे, समोर चषक. मावळता सूर्य त्यांच्या पाठीशी, म्हणून चेहरे धूसर. सावल्या मात्र लख्ख; लांब, सडपातळ, पाहणाऱ्याच्या दिशेने धावत आलेल्या. ओळीच्या मधोमध, गोलरक्षकाला खेटून, एक डेरेदार झाड. त्याच्या बुंध्यातून निघालेल्या सावलीला डेरा नव्हता, फांदी नव्हती. तिला खांदे होते, मान होती, गोल डोके होते.

अनुपमा शिंत्रे यांनी भिंग दूर केले. पुन्हा जवळ आणले.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. संघाला पंचाहत्तर वर्षे होत होती, आणि स्मरणिकेसाठी त्याचा आरंभीचा इतिहास त्या लिहीत होत्या. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे त्यांनी वर्षानुवर्षे फळ्यावर रेखाटले होते. प्रकाशाला कोणाची भीड नसते. भीड कुंचल्याला असते. झाडाची पाने बाकीच्या छायाचित्राहून किंचित दाट, किंचित गुळगुळीत. प्रत्येक पान एका हाताने, एका बैठकीत रंगवलेले. चित्रकारांच्या या कोल्हापुरात कोण्या कुशल बोटांनी एक माणूस पुसून तिथे झाड उभे केले होते. आणि सावली पुसायला ती बोटे विसरली होती.

तेच झाड आज संघाचे चिन्ह होते. पोरे त्याचे चुंबन घेऊन मैदानात उतरत. हिरवे झाड, पांढऱ्या जर्सीवर, नेमके काळजावर.

छायाचित्रातला गोलरक्षक म्हणजे त्यांचे वडील. त्या संघातले आता एकटेच उरलेले.

“आप्पा, मैदानावरचं झाड कधी तोडलं?”

“झाड?” आप्पा बोळक्या तोंडाने हसले. “त्या माळावर गवत उगवायची मारामार, पोरी.”

“मग तुम्ही टेकून उभे आहात ते कशाला?”

हसू विझले. छायाचित्रात त्यांचा उजवा हात झाडामागे नाहीसा झाला होता. सावलीत तोच हात शेजारच्या खांद्यावर विसावलेला होता, मुक्त, मायाळू. आप्पांचे बोट त्या सावलीवर टेकले.

“सिदाला.”

“इतकी वर्षं बोलला नाहीत?”

“कुणी इचारलंच न्हाई. समदी इचारत्यात, गोल किती.”

सिद्राम गवळी. कुंपणापलीकडे म्हशी चारणारा, मेघश्यामल, वेतासारखा लवचीक. कुंपणाबाहेर गेलेला चेंडू तो परत मारायचा, आणि चेंडू आकाशात क्षणभर चंद्र होऊन थांबायचा. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्याला आत बोलावले, शाळेचा शर्ट दिला, शब्द दिला: चषक आण, शाळेत घेतो. त्याने चषक आणला. अंतिम सामन्याचे दोन्ही गोल त्याचे. छायाचित्र निघाले, आणि पाठोपाठ कुजबूज उठली, की हे पोर शाळेचे नाहीच. खेळवले ते नियमाबाहेर. चषक परत करायचा, की पोराला नाहीसे करायचे? मुख्याध्यापक म्हणाले, उद्या ठरवू. ठरले कधीच नाही. फक्त भिंतीवर छायाचित्र लागले, आणि त्यात झाड उगवले होते.

“जूनमधी शाळा सुरू झाली,” आप्पा म्हणाले. “रोज फाटकाशी उभा ऱ्हायचा. तेल लावून, भांग पाडून. सर म्हणायचे, उद्या ये. उद्या ये. मग एक दिवस म्हसरं दुसऱ्या वाटंनं गेली.”

अनुपमा रडल्या नाहीत. त्यांच्या आत काहीतरी स्फटिकासारखे गोठले. धारदार, पारदर्शक, थंड. पोरांनी इतकी वर्षे ज्याचे चुंबन घेतले, ते झाड नव्हते. ते एका मुलावर घातलेले हिरवे कफन होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्रीडाशिक्षक सरनोबतांना भिंग दिले. त्यांनी पाहिले, आणि भिंग टेबलावर पालथे ठेवले.

“म्याडम, सावली ती. तिच्यापायी चषक घालवायचा? आणि आप्पांचा सत्कार छापून झालाय हो. म्हाताऱ्या माणसाच्या हातातनं चषक काढून घेणार तुम्ही?”

अनुपमांनी मान वळवली. खिडकीबाहेर पांढऱ्या जर्सी उन्हात वाळत होत्या. वाऱ्यावर झाडेच झाडे हलत होती.

“उद्या ठरवू,” त्या म्हणाल्या.

आणि थिजल्या. तोच शब्द, मुख्याध्यापकांची तीच खोली, तीच खुर्ची. जुना आवाज त्यांच्या कंठाचे भाडे न देता आत राहत होता.

तरीही तो उद्या लांबला. स्मरणिकेचे पहिले पान कोरे राहिले, सोहळ्याच्या संध्याकाळपर्यंत कोरे.

मावळतीचा सूर्य मैदानापलीकडे उतरला. माणसांनी पायऱ्या भरल्या. ढोल-ताशा घुमला, थांबला. पोरे ओळीने उभी राहिली, पाठीशी सूर्य, पुढ्यात सावल्या. सरनोबतांनी चषक आप्पांपुढे धरला. चांदीत संध्याकाळ पेटली होती.

आप्पांनी तो घेतला नाही.

ते काठी टेकत पोरांच्या ओळीत गेले. मधोमध उभे राहिले. काठी डाव्या हातात. उजवा हात हळूहळू वर आला, खांद्याच्या उंचीला, आणि तिथेच, रिकाम्या हवेवर, विसावला. गवतावर त्याची सावली पडली: एका हाताची, कोणालाच न कवेत घेतलेली.

अनुपमा ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. त्यांनी आप्पांकडे पाहिले. आप्पांनी मान हलवली, अगदी थोडी.

“हा चषक आपण परत करत आहोत,” त्या म्हणाल्या. एक लाट उठली, खाली बसली. त्यांनी फाटकाकडे पाहिले. उघडे होते ते, उन्हाने भरलेले, निर्मनुष्य.

“सिद्राम गवळी,” त्यांनी हाक मारली, “आत ये. तुला शाळेत घेतलं.”