विकलेली फळी

गेल्या खेपेला कर्जाचा साहेब आला, तेव्हा इंदुताईच्या फळीवर एकही दोना नव्हता, कारण सकाळीच सगळे विकले गेले होते. साहेबाने मोबाइलमध्ये लिहिले : माल नाही, धंदा बंद.

पळसाच्या पानांचे दोने, म्हणजे द्रोण, दाबायचे दांड्याचे मशीन तिने बचतगटाच्या छोट्या कर्जातूनच घेतले होते. आता विजेचे हवे होते, त्यासाठी साहेबाचे मोठे कर्ज. दांड्यावर मिनिटाला चार दोने निघत, विजेवर वीस निघाले असते, शिवाय उजवा खांदा वाचला असता.

इंदुताईने सरळ विचार केला. विकले की फळी रिकामी होते. फळी तर भरलेली दिसायला हवी. म्हणजे विकायचे नाही, नुसते दाबून रचायचे. धंदा जोरात आहे हे दाखवायला तिने चार दिवस धंदाच बंद ठेवला.

नेमकी पाचव्या दिवशी गावची मंडई, वर्षाची जत्रा. साहेब दहाला येणार होता. साडेदहा वाजले तरी त्याचा पत्ता नाही. आले ते चौकातले आलुबोंडेवाले लटारूभाऊ, तिचे रोजचे गिऱ्हाईक, घामाघूम. चार दिवस त्यांनी शिल्लक दोन्यांवर काढले होते.

"बाई, हजार दोने दे लवकर. गर्दी रश्श्याच्या गंजावर चढून राह्यली."

"साहेब येऊन जाऊ द्या भाऊ. मंग सारे घेऊन जा."

"आन् हे फळीवर काय हाय?"

"ते दाखवाचे हायेत."

"दाखवाचे? दोने हायेत का लग्नाची पोरगी?"

"फळी रिकामी दिसली तं मशीन गेली माही."

"आन् माहा रस्सा? लोकं कागदावर घेऊन राह्यले. एक बाबू तं बोंबलून राह्यला, साऱ्या शर्टावर सांडला त्याच्या. मी चाललो वडशाच्या बाजाराले. फोमच्या वाट्या आणतो, मंग मले तुही गरज नाई."

इंदुताईने फळीकडे पाहिले. चार दिवसांचा खांदा तिथे रचून ठेवला होता. पण साहेब वर्षातून एकदा यायचा, लटारूभाऊ रोज.

"न्या," ती म्हणाली. "पण शंभर तरी राहू द्या."

लटारूभाऊंनी ते शंभरही नेले.

अकराला साहेब आला. प्रफुल नाव, मूल गावचा, वय असेल पंचवीस. शर्टावर पिवळा डाग, हातात वाफाळता रस्सा. फळी पाहून तो दारातच थबकला.

"ताई, माल कुठी हाय? मागच्या खेपेलेही नव्हता."

"हाय ना साहेब. तुमच्या हातात."

प्रफुलने हातातल्या दोन्याकडे पाहिले, मग शर्टाकडे.

"म्हणजे मघाशी चौकात दोने नव्हते ते..."

"मीच अडवून ठेवले होते. तुमच्यासाठी."

तो रस्सा शांतपणे प्याला. पण मोबाइलमधला फॉर्म मालाच्या फोटोशिवाय पुढे जात नव्हता. शेवटी तो इंदुताईला घेऊन चौकात गेला. ठेल्यावर दोन्यांची चळत होती आणि चळतीभोवती तीसेक हात. प्रफुलने मोबाइल धरला, तेवढ्यात लटारूभाऊ झारा उंचावून मधोमध उभे राहिले. फोटो तसाच गेला. खाली प्रफुलने लिहिले : माल बाजारात, धंदा चालू, विजेचे मशीन द्यावे.

"आता एक रकाना राह्यला. माल किती दिवस टिकते?"

"दिवस?" चळतीकडे पाहत लटारूभाऊ म्हणाले. "बाई, फोटो झाला असन तं पळ. पाचशे अजून लागतीन, दोन वाजाच्या आंदी."

इंदुताई पदर खोचून दांड्याकडे पळाली.