ओरेस्तेचं शेवटचं पिंप

मी एक जुनं लाकडी पिंप आहे, मित्रांनो. पिंप म्हटलं तरी मला बाईमाणूसच समजा, कारण माझ्या पोटात एका घराची आई राहते. मला लिहितावाचता येत नाही. पण माळ्यावर बसून खालच्या स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं, आणि तेवढ्यावर माझं भागतं.

माझा जन्म इटलीतल्या तोस्कानातला, टेकडीच्या माथ्यावरच्या मोन्तेरूचो गावचा. चेस्टनटच्या फळ्या, लोखंडाच्या चार पट्ट्या आणि एका रागीट कारागिराचे हात, यांतून मी झाले. त्यानं मला इतकं ठोकलं की आजवर माझ्यातून एक थेंब गळलेला नाही. याच माळ्यावर आणखी पाच पिंपं आहेत. दिसायला माझ्याहून बरी. ते जाऊ द्या.

आमचं काम सोपं नाही. चटयांवर सुकवलेली द्राक्षं डिसेंबरात पिळतात, रस आमच्यात ओततात, बुचावर लाख लावतात आणि वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. उन्हाळ्यात छपराखाली भाजायचं, हिवाळ्यात गोठायचं, तेव्हा कुठे रसाची सोनेरी, गोड वाइन होते. पण नुसत्या रसानं ती होत नाही. तुमच्या दह्याला विरजण लागतं ना, तसा तळाला जुना, दाट, तपकिरी गाळ लागतो. त्यालाच इथं आई म्हणतात. वाइन काढून घ्यायची, आई राखायची. आमच्या घरची आई ओरेस्तेच्या पणजीच्या हातची.

ओरेस्ते आमचा धनी. दर रविवारी चर्चमधून आला की तो वर यायचा आणि बोटाच्या पेरानं माझ्या पोटावर दोनदा टकटक करायचा. आवाज ऐकायचा, मान हलवायचा आणि खाली जायचा. त्या दोन टकटकींसाठी मी सहा दिवस वाट पाहायचे. पाच वर्षांपूर्वी त्यानं मला भरलं, लाख लावली, माझ्या अंगावर कोळशानं सालाचा आकडा काढला आणि बायकोला बजावलं, "झेलिंदा, हे सात वर्षांनी उघडायचं. एक दिवस आधी नाही."

वसंतात तो गेला. रविवार येत राहिले. टकटक नाही.

मग त्यांची मुलगी मार्झिया शहरातली नोकरी सोडून घरी आली. डोंगरावरची गावं आणि वाइनचे मळे पाहायला परदेशी माणसं येतात, त्यांच्या एका दिवसाच्या सहली ती आखू लागली. खाली रोज नकाशाचा कागद कुरकुरायचा.

"साडेनऊला स्टेशनवरून माणसं घ्यायची, मम्मा. दहाला कास्तेलबुयोचं चर्च, सव्वाअकराला मळा, एकला जेवण, अडीचला आपला माळा, सव्वातीनला पुढचं गाव."

"आणि त्यांनी मोरीला कधी जायचं?" झेलिंदा विचारायची.

"त्याला दहा मिनिटं ठेवलीत."

"दहा मिनिटांत तर मी आपला जिना चढते. बिचारे पाहुणे! असे पळताना गाढवंसुद्धा पाहिली नाहीत मी."

बोलायची असं, पण पाहुण्यांसाठी पहाटे उठून बदामाची बिस्किटं तीच भाजायची. पोरगी घरात राहिली, याचं तिला सुख होतं.

ऑक्टोबर उजाडला. द्राक्षं चटयांवर सुकत होती. बाकीची पाच पिंपं तळाला आई घेऊन नव्या रसाची वाट पाहत होती. शनिवारी पाहुणे माळा बघायला येणार म्हणून मार्झियानं आधीच्या रविवारी माळा झाडला, कोळिष्टकं काढली. मग एका पिंपाचं बूच उपसून तिनं आत वाकून पाहिलं.

"शी! किती वर्षांची घाण ही!"

तिनं कढत पाणी आणलं, सोडा आणला, पाचही पिंपं अंगणात नेऊन तीन-तीनदा खळबळली आणि पुन्हा वर आणून ठेवली. माझी लाख शाबूत होती म्हणून मी वाचले. शंभर वर्षांची आई गटारातून टेकडी उतरून गेली, आणि मला ओरडायला तोंड नव्हतं.

सोड्याच्या वासानं झेलिंदा वर आली. "काय केलंस?"

"धुतली, मम्मा. आत चिखल साचला होता."

झेलिंदा पायरीवरच बसली. "तो चिखल नव्हता गं. ती आपली आई होती."

मार्झियाचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती एकदम उसळली. बापाला ती बाब्बो म्हणायची. "मला कुणी सांगितलं होतं का? लहानपणी माळ्यावर पाऊल टाकलं की बाब्बो ओरडायचे. तू म्हणायचीस, बघून शिक. बंद दाराकडे बघून काय शिकू?"

झेलिंदा रिकामी बादली उचलून खाली गेली.

संध्याकाळी मार्झिया हळूच म्हणाली, "शेजारच्या तोझींकडून मागू या का थोडी आई?"

"तोझींकडची? त्यांची आंबट वाइन कोशिंबिरीवर घालतात! या घरात ती येणार नाही."

"मग एकच पिंप उरलं. बाब्बोंचं."

"त्याची दोन वर्षं बाकी आहेत."

पुढे आठवडाभर मी वर माझ्याशीच भांडत होते. मला उघडलं नाही, तर डिसेंबरातल्या रसाला आई मिळणार नव्हती. घराची वाइन तिथंच संपणार होती. उघडलं, तर ओरेस्तेनं आपल्या हातानं बंद केलेला तो हिवाळा निघून जाणार होता. तेवढंच तर त्याचं माझ्यापाशी उरलं होतं.

शनिवारी अडीचला आठ पाहुणे जिना चढून आले. त्यांच्या मागून झेलिंदा आली. हातात चाकू, रबरी नळी आणि काचेचे पेले.

"मम्मा, आज नको," मार्झिया कुजबुजली. "सव्वातीनला निघायचंय."

"पुढचं गाव आठशे वर्षं तिथंच आहे. आज पळून जात नाही. बसव त्यांना."

तिनं लाख कापली. बूच निघालं आणि पाच वर्षांपूर्वीची हवा माळ्यावर पसरली. झेलिंदा चाकू धरून तशीच उभी राहिली. एक पाहुणा घड्याळ बघत होता, त्यानं हात खिशात घातला.

मग नळीतून बारीक धारेनं वाइन निघाली. पहिला घोट झेलिंदाचा. "दोन वर्षं कमी पडली," ती म्हणाली. डोळे पुसून तिनं पेला लेकीला दिला. "पण त्याचीच आहे."

वाइन सगळी काढून झाल्यावर तिनं मार्झियाचा हात धरून माझ्या तळाशी पळी घालायला लावली. "सगळी उपसायची नाही. ढवळायची नाही. या पिंपापुरती राखायची." पाच पिंपांत पाच वाटे गेले, वर आई सुकू नये इतकी थोडी वाइन. पुढचं गाव त्या दिवशी राहिलंच. पाहुणे अंधार पडेपर्यंत बिस्किटं बुडवून खात बसले.

आता माझ्यात नवा रस आहे, आणि नवी लाख. आकडा मार्झियानं काढलाय, वाकडातिकडा. ओरेस्तेची हवा माझ्यात उरली नाही. तिची आठवण येते, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, घरातलं जुनं काही धुवायला, टाकायला काढाल, तेव्हा आधी कुणाला तरी विचारा. आणि तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा कुणी विचारायच्या आधीच सांगा. माझ्या माळ्यावर हे दोन्ही राहून गेलं.

काल रविवार होता. सहल नव्हती, पाहुणे नव्हते. मार्झिया एकटीच वर आली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं. तिला त्यातलं अजून काही कळत नाही. तरी तिनं कान लावला.

आता पुन्हा सहा दिवस.