फुकटच्या बादलीची बोंब

मित्रांनो, मी एक जुनी लाल बादली आहे आणि मला तळ नाही. तळ गेलेल्या बादलीला लोक उकिरडा दाखवतात. मला मात्र चांगोच्या घरात स्वतःची खुंटी आहे, आणि वर्षातून एक दिवस तर मला उचलायला चौघं धावतात. हे कसं झालं ते ऐका. माझ्या पोटात आता काही राहत नाही, त्यामुळे सगळं खरं सांगते.

माझा जन्म तळोज्याच्या एका कारखान्यात झाला. साल होतं एकोणीसशे त्र्याण्णव. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गेलं आणि मिनिटाभरात मी कडीसकट बाहेर! त्या दिवशी माझ्या पाचशे बहिणी जन्मल्या. आम्हाला वाटलं, आता पनवेलच्या बाजारात जाऊ. दुकानाबाहेर दोरीला लटकू. बायका येतील, टिचकी मारून बघतील, "दादा, काहीतरी कमी करा" म्हणतील. बादलीच्या जातीला याहून मोठा मान नाही.

पण एका माणसानं आमच्या अंगावर पिवळा रणगाडा छापला आणि खाली लिहिलं, 'रणगाडा छाप तंबाखू. फुकट भेट.'

संपलं! मला टिचकी मारणारं कुणी येणारच नव्हतं.

टेम्पोनं आम्हाला नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत उतरवलं. तिथं सुदामचं एकच दुकान. कंपनीची योजना अशी होती की रणगाड्याच्या दीडशे रिकाम्या पुड्या आणा, बादली घ्या. आणखी शंभर आणा, टमरेल घ्या. पुढे स्टूल, आणि सगळ्यात शेवटी नळाचं मोठं पिंप. शिवाय दोन पुड्यांवर तिसरी फुकट. सुदामच्या दुकानात आम्ही इतक्या झालो की तांदळाचं पोतं बाहेर गेलं, आणि दुपारी आडवं व्हायचं तर सुदामला एक पाय बादलीत ठेवावा लागायचा.

त्याच वाडीत चांगो राहायचा. वीटभट्टीवर मजुरी करायचा. दोन दिवसांत एक पुडी, एवढंच त्याचं व्यसन, आणि तेवढ्यावरूनही त्याची बायको चिंगी घर डोक्यावर घ्यायची. पुडी तांदळात लपवायची, चुन्याची डबी विहिरीत टाकायची. पण चिंगीची पत्र्याची बादली गळकी होती. विहिरीपासून घरी येईपर्यंत निम्मं पाणी वाटेवर आणि निम्मं तिच्या लुगड्यावर. एक दिवस तिनं सुदामच्या दुकानात मला पाहिलं. पाहतच राहिली.

त्या दिवसापासून घरात उलटी गंगा वाहायला लागली.

"अवो, पुडी संपवली का नाय?"

"आत्ताच तर खाल्ली."

"तशी नाय संपायची. बादलीला अजून बारा राहिल्यात. खावा की, काय बायकांसारकं लाजताव!"

चांगो आधी हरखला. लग्नानंतर बायको पहिल्यांदाच आग्रहानं काहीतरी खायला घालत होती! चिंगी रिकाम्या पुड्या धुवायची, सुईदोऱ्यात ओवायची आणि ती माळ देवाच्या फोटोला घालायची. येणारा-जाणारा आधी माळेला हात जोडायचा, मग वास आला की मागे सरायचा.

दिवाळीला मी त्यांच्या घरी आले. आरतीनं ओवाळलं मला, खोटं नाही सांगत! चिंगी मला डोक्यावर घेऊन विहिरीवर गेली तेव्हा शेजारची शांती म्हणाली, "बाय, तुझा नवरा लई कर्तबगार गं. माझा मेला दिवसाला एकच खातो." मी फुगले. एक थेंब गळू दिला नाही. संक्रांतीला माझं धाकटं भावंड टमरेल आलं. चांगोचा गाल आता सकाळी भरायचा तो निजेपर्यंत रिकामा व्हायचा नाही.

आता चांगोची खरी ओळख सांगते. त्याची बोंब! शिमग्याला होळी पेटली की वाडीतली पहिली बोंब चांगोची. ती झाल्याशिवाय दुसऱ्यानं तोंडाला हात लावायचा नाही, असा रिवाज. त्याच्या वडिलांकडून हा मान त्याच्याकडे आला होता. बोंब अशी की नदीपलीकडच्या वाडीतली कुत्री शेपूट घालून पळायची.

त्या वर्षी होळी पेटली. सगळे गप्प झाले. चांगो पुढे आला, छाती भरली, तोंडाशी हात नेला.

थोडा वेळ गेला. त्याचे म्हातारे काका, काशिराम, वैतागले. "मार की रं! कवा मारतोस?"

"मारली की," चांगो म्हणाला.

पिपाणीत वाळू जावी तसा काहीतरी आवाज झाला होता खरा. कुत्री पळाली नाहीत. उलट एक शेपूट हलवत जवळ आलं. लोक आधी हसले. मग चांगोचा चेहरा पाहून जवळ सरकले. त्याचं तोंडच उघडत नव्हतं. गेले दोन महिने तो भाकरी वळकटी करून खात होता आणि घरात वाटत होतं, नखरे करतोय.

दुसऱ्या दिवशी नर्स शोभाताई वाडीत आल्या. त्यांनी चांगोला ओट्यावर बसवलं. "तीन बोटं एकावर एक अशी उभी धर आणि तोंडात घाल."

चांगोनं त्यांचाच हात धरला.

"अरे माझी नाही, तुझी बोटं!"

दीड बोट गेलं. शोभाताईंचं हसू मावळलं. "चांगो, हे पुडीतल्या तंबाखू-सुपारीनं झालंय. गाल आतून आवळत चाललेत. आज सोडलीस तर निदान इथंच थांबेल, व्यायामानं थोडंफार उघडेल. नाही सोडलीस तर मग भाकरीही जायची नाही आणि त्याहून वाईट रोगही होईल. पनवेलला मोठ्या दवाखान्यात दाखव." मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. माझ्यावरचा रणगाडा त्यांनी वाचला, पण बोलल्या काही नाहीत.

बोलली ती प्राजक्ता, चांगोची आठ वर्षांची पोर. माळेला हात लावून म्हणाली, "आये, बाबाचं तोंड बंद झालं तर काय नाय. पिंपाच्या राहिलेल्या पुड्या मी खाईन."

मित्रांनो, माझ्यात तेव्हा काठोकाठ पाणी होतं. चिंगीनं ते सगळं अंगणात ओतलं, मला उचललं आणि तडक सुदामचं दुकान गाठलं.

"सुदामभावजी, ही स्कीम बंद करा."

"वयनी, माझी थोडीच हाय? कंपनीची हाय. तंबाखू तर मी इकनारच."

"इका की. पुऱ्या दामानं इका. ज्याला खायची तो खाईल. पण वर बादली नाय, टमरेल नाय, तिसरी पुडी फुकट नाय. आवं, मी बादलीपाई नवऱ्याला हातानं भरवली!" एवढं बोलून ती तांदळाच्या पोत्यावर बसली आणि रडली. सुदाम बिचारा उठायला गेला, तर त्याचा पाय बादलीत अडकलेला.

गोष्ट गावकीपुढे गेली. गावकी म्हणजे वाडीची पंचायत, आणि दयाराम पाटील तिचे पंच. रविवारी सकाळी देवळापुढे सगळे जमले. मी पाहिलं आणि मला लाज वाटली. पंच बसले होते रणगाड्याच्या स्टुलावर. पाणी प्यायला रणगाड्याचं पिंप. आणि वर सावलीला बांधलेलं कापड म्हणजे कंपनीचीच जाहिरात. योजनेचा न्याय करायला योजनाच मांडव घालून बसली होती!

विरोधात उभे राहिले काशिरामकाका. "माझं पिंप पंचवीस पुड्यांवर आलंय! आता बंद केली तर खाल्लेली सगळी वाया गेली म्हना की!"

"काका, तुमचे दात किती राहिले?" शोभाताईंनी विचारलं.

"चार. पन पिंपाला दात कशाला लागतात?"

लोक हसले. पण मान डोलावणारेही बरेच होते, कारण प्रत्येकाचं काही ना काही यायचं राहिलं होतं. कुणाचं स्टूल, कुणाचं टमरेल. शेवटी दयाराम पाटलांनी ठरवलं की चिंचोक्यांवर कौल घ्यायचा. ज्यांना योजना बंद हवी त्यांनी चिंचोका बादलीत टाकावा. ज्यांना चालू हवी त्यांनी टमरेलात. बादली म्हणजे मी! आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी इभ्रतीचं काम मिळालं.

चिंचोके पडायला लागले. टप टप माझ्यात, टप टप टमरेलात. बायकांची रांग माझ्याकडे वळली, तर भट्टीवरचे गडी टमरेलाकडे. चिंगीचे ओठ घट्ट मिटले होते. सगळ्यात शेवटी काशिरामकाका उठले. ऐटीत चालत आले, आपला चिंचोका टमरेलात टाकला, गावाकडे पाहून मिशीवर हात फिरवला आणि...

आणि रोजच्या सवयीनं टमरेलातच पचकन थुंकले!

काका तरी काय करणार? त्यांच्या घरी फुकटचं टमरेल त्याच कामाला होतं.

दयाराम पाटील टमरेलात डोकावले आणि पटकन मागे झाले. "मोजा," ते म्हणाले.

कुणी पुढे येईना. भट्टीवरचे गडी आभाळाकडे बघायला लागले. सुदाम म्हणाला, "मला दुकान हाय." पाटील म्हणाले, "काशिरामभाऊ, पिंक तुमची. तुमीच हात घाला."

काकांनी टमरेलात पाहिलं. स्वतःचीच थुंकी, पण अशी उजेडात त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली असावी. बराच वेळ पाहिली. मग हळू आवाजात म्हणाले, "राहू द्या. बादलीतलेच मोजा."

ठराव झाला. वाडीत तंबाखूवर सूट नाही, भेट नाही, दोनावर एक नाही. खरे चिंचोके कुणाचे जास्त होते ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. दर मंगळवारी येणारा टेम्पो पुढच्या खेपेला उरलेल्या बहिणींना परत घेऊन गेला. सुदामनं तांदळाचं पोतं आत घेतलं, पाय लांब पसरले आणि म्हणाला, "आयला, माझं दुकान एवढं मोठं हाय?"

सगळे सुधारले असं नाही हो. पण आता पुडी घेताना माणूस जरा थांबायचा. मंगळवारी टेम्पोमागे पळायची पोरं विटीदांडू खेळायला लागली. देवाच्या फोटोवरून पुड्यांची माळ उतरली आणि झेंडूची चढली. चांगो पनवेलला दवाखान्यात जाऊन आला. चिंगी आता उलट पहारा करायची, आणि प्राजक्ता रोज सकाळी बापाचं तोंड मोजायची. दीड बोट. पावणेदोन. मोठ्या कष्टानं दोन.

माझा तळ कसा गेला ते राहिलंच. हिवाळ्यात चांगो मला पाणी भरून भट्टीवर घेऊन गेला. वरच्या विटा गार झाल्यात असं समजून त्यानं मला भट्टीवर टेकवलं. आतून ती धगधगत होती. चर्र झालं, वाफ उठली, आणि चांगोनं कडी धरून मला उचललं, तर तळ विटांनाच चिकटलेला आणि माझ्यामधून थेट विटा दिसत होत्या! वाटलं, आता उकिरडा. पण चिंगी म्हणाली, "राहू द्या खुंटीला. गावकीनं मान दिलाय तिला."

पुन्हा शिमगा आला. होळी पेटली. चांगो मागे उभा होता. दोन बोटांच्या तोंडातून किती बोंब निघणार? तेवढ्यात प्राजक्ता घरी पळाली आणि मला घेऊन आली. "बाबा, यातून मार!"

चांगोनं माझ्या तुटक्या तळाकडून तोंड आत घातलं, छाती भरली, आणि मित्रांनो, माझं सगळं अंग थरारलं. त्याची बोंब माझ्या निमुळत्या अंगातून शिरली आणि रुंद तोंडातून अशी काही बाहेर पडली की नदीपलीकडची कुत्री शेपूट घालून पळाली. काशिरामकाका दचकून स्टुलावरून खाली बसले. चिंगी हसता हसता पदरानं डोळे पुसत होती.

तेव्हापासून दर शिमग्याला पहिली बोंब आम्हा दोघांची. ज्याचं तोंड माझ्यापायी मिटलं, त्याचा आवाज मी झाले. जुन्या बादलीला आणखी काय हवं?

एवढंच मागणं आहे, मला उन्हात टाकू नका, प्लास्टिक तडकतं. आणि तंबाखूवर कुणी तुम्हाला फुकट बादली देऊ केली, तर आधी आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. मावली? मग तसेच बाजारात जा आणि पैसे मोजून बादली विकत घ्या. टिचकी मारा, घासाघीस करा, "दादा, काहीतरी कमी करा" म्हणा. आम्हाला तेच आवडतं.