दोन मिलिमीटरने पातळ झालेला फर्मा

मित्रांनो, मी एक जुना फर्मा आहे. फर्मा म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर ओशाळू नका, मला बहुतेक लोक लाकडाचा तुकडाच समजतात. तुमच्या घरातल्या कपाटाचं दार उघडून आतून बघा. बिजागरीची वाटी एका गोल खड्ड्यात बसलेली दिसेल. तो खड्डा प्रत्येक दाराला कडेपासून सारख्याच अंतरावर आणि सारखाच खोल पाडून देणं, एवढंच मला येतं.

मला घडवलं एका सुताराने. त्याला सगळे दादा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. दादांनी तळहाताएवढी कडक लाकडाची फळी घेतली, तिच्यात गोल भोक पाडलं आणि एका कडेला पट्टी ठोकली. पट्टी दाराच्या कडेला टेकवायची, शिकंज्याने मला आवळायचं आणि माझ्या भोकातून ड्रिलचं पातं खाली सोडायचं. पात्याच्या वर एक रुंद लोखंडी चकती होती. ती माझ्या पाठीला टेकली की पातं थांबे. म्हणजे खड्डा किती खोल जाणार, हे माझ्या जाडीवर ठरत असे.

ड्रिल चालवायचा तो दादांचा धाकटा भाऊ. काय हात होता त्याचा! घाई नाही, जोर नाही. पातं आपल्या वजनाने उतरायचं आणि भुसा बारीक, कोरडा पडायचा. दिवसाला साठ-सत्तर दारं आमच्या हाताखालून जात, आणि एकाही खड्ड्याच्या कडेचा टवका उडत नसे. लोक म्हणत, दोघा भावांची दारं एका साच्यातून काढल्यासारखी असतात. तो साचा मीच होतो, त्यामुळे मला थोडी शिंगं फुटली होती हे कबूल करतो.

मग एका औषधांच्या दुकानाचं काम आलं. अठ्ठेचाळीस दारं, फिक्या पिवळ्या रंगाची, पुढच्या बाजूला राखणीचा कागद चिकटवलेली. एवढं मोठं काम म्हणून दादांनी सकाळीच मला हातात घेतलं. माझ्या पाठीवर सरस आणि पॉलिशचे थर साचले होते. त्यांनी रंधा काढला आणि दोन-चार हात फिरवून मला लख्ख केलं. मी किती सुखावलो म्हणून सांगू! इतक्या वर्षांत कोणी माझी अशी विचारपूस केली नव्हती. त्या लाडात मी दोन मिलिमीटरने पातळ झालो, हे दादांच्या लक्षात आलं नाही.

त्यांच्या कारखान्यात एक पद्धत होती. अवजाराला हात लागला की पहिलं भोक भंगार फळीत पाडायचं आणि फळी उलटून बघायची. धाकट्याने विचारलंसुद्धा, "दादा, आधी एक भंगारात पाडून बघू का?"

"फर्मा मी केलाय, त्याला काय धाड भरलीय? पाड सरळ दारात," दादा म्हणाले.

त्याने पाडली. शहाण्णव भोकं, नेहमीच्याच हाताने. मला मात्र पहिल्याच भोकाला कळलं की पातं जास्त खाली जातंय. पण फर्म्याला तोंड नसतं, मित्रांनो.

दुकानात दारं बसवून झाली, कागद सोलला आणि खिडकीतून तिरका उजेड पडला. प्रत्येक दाराच्या दर्शनी बाजूला दोन-दोन बारीक फुगवटे उठले होते. पात्याचं टोक आतून टेकलं होतं. दुकानाच्या मालकीणबाई जवळ येऊन म्हणाल्या, "दारांना पुळ्या आल्यात का हो?"

दादांचा चेहरा उतरला. ते भावाकडे न बघताच म्हणाले, "काय करणार बाई, याचा हात जड आहे."

धाकट्याने आपल्या हाताकडे पाहिलं.

दारं नव्याने करायची ठरली. दुसऱ्या दिवशी दादा स्वतः ड्रिलला बसले आणि पहिलं भोक त्यांनी भंगार फळीत पाडलं. हात अगदी हलका ठेवला होता. फळी उलटली, तर तसाच फुगवटा. त्यांनी माझी जाडी मोजली, पुन्हा मोजली, आणि रंध्याकडे पाहत बसून राहिले. मग चकती दोन मिलिमीटर खाली सरकवून घट्ट केली आणि कामाला लागले. धाकटा पलीकडच्या खोलीत फळ्या कापत होता. दादांनी त्याला हाक मारली नाही.

ते काम संपलं आणि धाकट्याने सुतारकाम सोडलं. दादांनी लोखंडी फर्मा विकत आणला. मी खिळ्याला टांगला गेलो, आणि माझ्यावर धूळ बसत गेली. दादा येता-जाता माझ्याकडे बघणं टाळत. अकरा वर्षांनी कारखाना आवरताना मी त्यांच्या हातात आलो, तेव्हा त्यांनी सगळं आपल्या बायकोला, म्हणजे वहिनींना, सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मला काय सांगताय? भाऊजींना सांगा."

धाकटा एका दुकानात बिजागऱ्या आणि खिळे विकतो. दादांनी मला त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "फर्मा मी रंधला होता. तुझा हात जड नव्हता. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

धाकट्याने माझ्या कडेवरून बोट फिरवलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, असेल माझा हात जड. म्हणून मी परत ड्रिल धरलंच नाही. पोरीला सुतारकाम शिकायचं होतं, दादा. लहानपणी सारखी भुशात खेळायची. मीच तिला म्हटलं, आपला हात जड आहे, तुला नाही जमायचं."

दादा मला तिथेच ठेवून गेले.

मित्रांनो, अवजारं जरूर स्वच्छ ठेवा, पण त्यांना हात लावलात तर पुन्हा मापून बघा. आणि काम बिघडलं तर माणसाला बोल लावण्याआधी अवजार तपासा. तरीही बोललातच, आणि चूक तुमची निघाली, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. दादांनी सांगितलं, धाकट्याने ऐकलं, दोघांचे डोळेही भरून आले. पण ती मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. परवा ती वडिलांचा डबा घेऊन दुकानात आली, तेव्हा धाकट्याने मला तिच्या हातात दिलं. तिने मला चटकन खाली ठेवलं आणि म्हणाली, "नको बाबा, माझ्या हातून बिघडेल."