उजेडाची धास्ती

इब्राहिमला उजेडाची धास्ती वाटू लागली तेव्हा त्याचे डोळे जाऊन बरीच वर्षं झाली होती.

जर्मनची लढाई संपत आली होती त्या सुमाराला कामशेतात देवीची साथ आली. इब्राहिम वाचला, पण दोन्ही डोळे गेले. आधी तो भाताच्या वखारीत मापाडी होता, नंतर लोकांच्या बाजा विणू लागला. मुलगी हसिना साथीनंतर जन्मली. तिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिच्या तोंडावरून हातही फिरवला नव्हता. चाचपायचं ते बाजेचं लाकूड, पोटची पोर नव्हे, असं काहीतरी त्याच्या मनात बसलं होतं.

स्वप्नात मात्र त्याला दिसायचं. म्हणून त्याला लवकरच कळलं, की दिसतंय म्हणजे आपण झोपेत आहोत. पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा इंद्रायणीकाठची हिरवी खाचरं बघून तो इतका हरखला की लगेच जागा झाला. मग तो शिकला. हरखायचं नाही, एकाच वस्तूवर नजर खिळवायची नाही. समोरचं विरायला लागलं की तळहात एकमेकांवर घासायचे, खालची माती चिमटीत धरायची आणि चालत राहायचं. तसं केलं की स्वप्न टिकायचं. दुपारी जेवून आडवा झाला की तो सगळी पेठ हिंडून यायचा. बाजा अर्धवट पडू लागल्या. बायको अमिनानं विचारलं तर उन्हानं गळाल्यासारखं होतं म्हणायचा.

एका दुपारी स्वप्नातल्या पेठेत मागून हाक आली, "अब्बा." आवाज हसिनाचा होता. तो वळला. हिरवा परकर, दोन वेण्या, आणि तोंडाच्या जागी सारवलेल्या भिंतीसारखं सपाट काहीतरी.

त्या सपाटीतूनच आवाज आला, "अब्बा, मी कशी दिसते?"

तो पळाला. जागं व्हायचं होतं, पण सवयीनं हात आपोआप एकमेकांवर घासू लागले, आणि पेठ विरायच्या ऐवजी लख्ख होत गेली. भाताच्या राशीतला दाणा न् दाणा दिसू लागला. त्यानं डोळे गच्च मिटले. अंधार झाला. भाकरी थापल्याचा आवाज आला आणि अमिना म्हणाली, "उठलात व्हय? पाणी घ्या." त्याचा जीव भांड्यात पडला. भिंतीला टेकून त्यानं हात पुढे केला. तांब्या हाताला लागला. तो तोंडाशी नेला, आणि आतलं पाणी त्याला दिसलं. तांब्यापलीकडे हिरवा परकर उभा होता.

तो ओरडत उठला तेव्हा अमिना त्याला गदागदा हलवत होती. पण हीच खरी अमिना, हे कशावरून? तोवर अंधार म्हणजे जाग, एवढं तरी नक्की होतं. आता तेही राहिलं नाही. विणता विणता तो मध्येच थांबायचा. आता दिसेल, या क्षणी दिसेल, असं वाटायचं. झोप टाळू लागला. हसिना जवळ आली की अंग चोरायचा. ती बिचारी शेजारच्या बयाबाईकडेच दिवस काढू लागली.

शेवटी अमिनानं त्याला समोर बसवलं आणि सगळं वदवून घेतलं.

"तिचं तोंड तुमी कदी घेतलंच न्हाई मनात," ती म्हणाली. "मग कुटलं घिऊन येईल ती?"

तिनं हसिनाला हाक मारून त्याच्या पुढ्यात बसवलं आणि त्याचा हात धरून वर नेला. बोटांना सपाट लागलं तर, या भीतीनं त्यानं मूठ मिटली; अमिनानं ती उघडून टेकवली. लागलं ते रुंद कपाळ. मग भुवया, फडफडणारी पापणी, पडलेल्या दाताची खिंड. हनुवटीवर एक खळगा होता.

"हे काय?"

"उंबऱ्यावर आपटली व्हती," अमिना म्हणाली. "तुमी घरातच व्हता."

हसिनाला गुदगुल्या होत होत्या. ती हसत होती.

दुसऱ्या दुपारी झोप अनावर झाली आणि तो पुन्हा पेठेत होता. पोर समोर आली, तशीच, सपाट. पळावंसं वाटत असतानाच तो खाली बसला, डोळे मिटले आणि हात पुढे केले. ऊन ऊन गाल ओंजळीत आले. हनुवटीवरचा खळगा बोटाखाली आला. त्यानं हात काढले नाहीत आणि डोळेही उघडले नाहीत. स्वप्न विरू लागलं, तसं त्यानं विरू दिलं.

पुढे स्वप्न ताणायचा नाद त्यानं सोडला. तरी उठल्याबरोबर अमिनाला विचारायचा, मी जागा आहे ना. ती दर वेळी हो म्हणायची, कधी हसली नाही. हसिनाचं कुसगावात लग्न झालं तोवर त्याला स्वप्नात दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं.

टाकव्याचे कोंडाजी बाज विणून घ्यायला आले असताना त्यानं त्यांना हे सांगितलं. कोंडाजींनी विचारलं, त्या वेळी डोळे उघडून पोरीकडं बघावंसं वाटलं न्हाई का?

"लय वाटलं, आबा," इब्राहिम म्हणाला. "पण भ्यालो."