मी बिघडले नव्हते!

मित्रांनो, परवा आमच्या कार्यालयात भंगारवाला येऊन गेला. दोन मोडक्या खुर्च्या, एक गंजलेला पंखा आणि दार निखळलेलं कपाट त्याने ठेल्यावर चढवलं. मग कोपऱ्यात माझ्याजवळ आला, माझ्या अंगावरचं कापड उचललं आणि विचारलं, "ये भी देना है क्या?" माझा तर जीवच टांगणीला लागला. तेवढ्यात आतून प्रेमिलाताईंचा आवाज आला, "हात नको लावू तिला! ती नाही द्यायची." हुश्श! किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

पण आधी ओळख सांगते, नाहीतर म्हणाल, ही कोण बोलतेय. मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. तुमच्या शाळेतही माझी एखादी बहीण असेल. परीक्षेचे पेपर तीच छापते, म्हणून तुमचा तिच्यावर राग असेल, पण त्यात तिचा काय दोष? आमचं पोट म्हणजे एक गोल डबा. त्यात काळी शाई भरायची. वरून मेणकागद गुंडाळायचा, त्याला स्टेन्सिल म्हणतात. त्यावर टाइपरायटरने अक्षरं उमटवलेली असतात. हँडल फिरवलं की त्या अक्षरांतून शाई उतरते आणि छापलेला कागद बाहेर पडतो. आम्हाला वीज लागत नाही. तेल थोडं लागतं आणि हँडल फिरवणारा माणूस मात्र चांगला लागतो.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यातला. १९६६ साली लाकडी खोक्यात, गवतात गुंडाळून मला रेल्वेने नागपूरला आणलं. खोकं उघडलं ते एका विद्यापीठाच्या शेती विस्तार केंद्रात. केंद्राचं नाव सांगत नाही. पुढे एकदोघांची फजिती यायची आहे, उगीच चारचौघांत कशाला? शेतीतलं नवं ज्ञान गावोगावी नेऊन सांगायचं, हे या केंद्राचं काम. दर महिन्याला 'शिवारवार्ता' नावाचं दोन पानी पत्रक निघायचं, ते मी छापायची. पहिल्या पानावर कर्मचारी वार्ता. कुणाची बदली झाली, कुणाला बढती मिळाली, कुणाकडे मुलगी झाली, कोण निवृत्त झालं. मागच्या पानावर आगामी कार्यक्रम. कोणत्या गावात माती परीक्षण, कुठे शेतकरी मेळावा, सगळं तारीखवार. चारशे प्रती टपालाने गावोगावी जायच्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर माझी अक्षरं चिकटायची. मला फार अभिमान वाटायचा बरं का!

माझं हँडल बळीरामभाऊंच्या हातात असायचं. बळीराम रामटेके, केंद्रातले शिपाई. शाईने त्यांची नखं कायमची काळी झाली होती. दसऱ्याला बाबू लोक मला हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत. बळीरामभाऊ त्या दिवशी घरच्यांना घेऊन दीक्षाभूमीवर जात आणि सुट्टीनंतर येऊन माझ्या सांध्यांत गेलेलं कुंकू घासलेटच्या चिंधीने पुसून काढत. "पूजा त्याहीनं कराव, सफाई म्या कराव," असं म्हणून हसत. माझ्याशी ते नेहमी बोलत. त्यांच्याशिवाय माझ्याशी बोलणारं होतंच कोण?

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून खुपत होती. आठ वर्षं बळीरामभाऊंनी सगळ्यांच्या बातम्या छापल्या. त्यांची स्वतःची बातमी कधी आली नाही. त्यांची जया जन्मली तेव्हा नाही, शाळेत गेली तेव्हाही नाही. शिपायांची नावं कर्मचारी वार्तेत घ्यायची पद्धतच नव्हती. आणि दुसरी पद्धत अशी, की छापणाऱ्याने वाचायचं नाही, नुसतं छापायचं. ही पद्धत बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क दत्तोपंतांची. माणूस वाईट नव्हता, पण स्टेन्सिल त्यांच्या हातची आणि शब्दही त्यांचाच शेवटचा.

आता ऐका, माझ्यावर आळ कसा आला ते.

१९७४ सालच्या जानेवारीची अखेर होती. प्रेमिलाताई केंद्रात नव्याच आल्या होत्या. घरात शिकलेली पहिलीच मुलगी. नेमणूक तात्पुरती, सहा महिन्यांची. केंद्रप्रमुख कृष्णकांत साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "पहिला कार्यक्रम चांगला झाला, तर तुम्हाला कायम करायची शिफारस करीन. नाही झाला, तर माझाही इलाज नाही." कार्यक्रम होता धान्य साठवणुकीचा. घरच्या ज्वारीला, डाळीला कीड लागू नये म्हणून काय करायचं, ते मोहखेडी गावच्या बायांना दाखवायचं. प्रेमिलाताई त्याची तयारी करून चार दिवसांच्या प्रशिक्षणाला अमरावतीला गेल्या. इकडे दत्तोपंतांनी जीपची वही पाहिली. जीप फक्त मंगळवारी मोकळी होती. झालं, तारीख ठरली. फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, मोहखेडी ग्रामपंचायत.

बुधवारी सकाळी स्टेन्सिल माझ्यावर चढली. दहा-बारा कागद निघाले असतील. बळीरामभाऊंची नजर त्या मंगळवारावर पडली आणि हँडल थांबलं. ते तसेच दत्तोपंतांच्या टेबलाशी गेले.

"बाबूजी, एक गोष्ट सांगू का?"

"सांग, पण लवकर."

"मोहखेडी माही सासुरवाडी होय. मंगळवारी हिवऱ्याचा बाजार असते. सारं गाव बैलगाड्या जुंपून बाजारात जाते. त्या दिवशी गावात कुत्रंबी दिसत नाही. प्रेमिलाबाईचं ऐकाले कोन राहीन तिथं?"

"जीप मंगळवारीच मोकळी आहे नं बाप्पा!" दत्तोपंत म्हणाले. "साहेबांची सही झाली आहे. तुला छापायला ठेवलं आहे, वाचायला नाही. आजच्या टपालाने अंक गेला पाहिजे."

बळीरामभाऊ परत आले. माझ्यापुढे उभे राहिले. "काय करू वं बाई?" त्यांनी मला विचारलं. मला तोंड असतं तर काहीतरी सुचवलं असतं. मग त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, माझ्या हँडलचा स्क्रू काढला आणि गुपचूप सदऱ्याच्या खिशात टाकला. आणि मोठ्याने ओरडले, "बाबूजी, मशीन बिघडली!"

मी? बिघडले? आठ वर्षांत एकदा काय तो माझ्यात कागद अडकला होता, तोही पावसाळ्यात दमट झालेला. बाकी एक दिवस आजारपणाची रजा नाही! दत्तोपंत आले, त्यांनी हँडल फिरवून पाहिलं. ते नुसतंच गरगर फिरलं. त्यांनी रागाने माझ्या टेबलाला लाथ मारली आणि अंगठा धरून कळवळले. मग लंगडत जाऊन त्यांनी कागदावर लिहिलं, 'यंत्र वारंवार बिघडते.' वारंवार! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बळीरामभाऊंचा मला इतका राग आला, की पुन्हा हात लावला तर सगळी शाई अंगावर सांडायची, असं मी ठरवूनच टाकलं.

शनिवारी प्रेमिलाताई अमरावतीहून परतल्या. बळीरामभाऊंनी त्यांना माझ्याजवळ बोलावून सगळं सांगितलं. ताईंचा चेहराच उतरला.

"भाऊ, कुणीच आलं नाही तर माझी नोकरी गेलीच समजा. आणि बाजाराला निघालेल्या बायांना मी थांबवू तरी कशी?"

"थांबवता काहून?" बळीरामभाऊ म्हणाले. "काल मनकर्णाले, माह्या बायकोले, घरी सांगतलं, तं ते हसाले लागली. म्हनते, बाया बाजार आटपून हिवऱ्याच्या चिंचेखाली घंटाभर बसूनच राहते. गाड्या जुंपेपर्यंत त्याहीले काहीच काम नसते. तुमच्या बाईले म्हना, तुमीच बाजारात चाला."

मित्रांनो, प्रेमिलाताई सरळ साहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं. जीप तीच, मंगळवारही तोच, मग अडचण काय? फक्त जागा बदलायची. दत्तोपंतांनी चुकलेली अक्षरं बुजवायच्या लाल औषधाची छोटी बाटली उघडली, स्टेन्सिलवरच्या 'मोहखेडी ग्रामपंचायत'वर ब्रश फिरवला, फुंकर घालून वाळवलं आणि त्या जागी टाइप केलं, 'हिवरा बाजार, चिंचेखाली.'

"पण मशीन?" दत्तोपंतांना आठवलं. "मिस्त्री सोमवारी येणार आहे."

"पाहतो मी, बाबूजी," असं म्हणून बळीरामभाऊंनी पाठ वळवली. खिशातला स्क्रू काढला, दोन पीळ दिले आणि पहिला कागद खडखडत बाहेर पडला. शाई सांडायचं मी विसरूनच गेले. तासाभरात चारशे प्रती! त्या दिवशी माझी अक्षरं इतकी ठसठशीत आली, की बस्स.

कार्यक्रमाला मी काही गेले नव्हते, मला जीपमध्ये कोण बसवणार? पण बळीरामभाऊ गेले होते. दुसऱ्या दिवशी माझी धूळ पुसत पुसत त्यांनी सगळं सांगितलं. आधी बाया लांबूनच पाहत होत्या. प्रेमिलाताईंनी सुपात कीड लागलेली ज्वारी ओतली, तशी एक रुखमाबाई नावाची म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "हे तं माह्याच घरची ज्वारी दिसून राहिली वं!" सगळ्या हसल्या. मग काय, प्रश्नांवर प्रश्न. दाणे किती वाळवायचे, कडुलिंबाचा पाला कसा घालायचा, कोठी कशी लिंपायची. गाड्या जुंपल्या तरी बाया उठेनात. तीनशेच्या वर बाया! वहीत अंगठे घेता घेता शाईचा पॅड कोरडा पडला. त्याच आठवड्यात साहेबांची शिफारस गेली. प्रेमिलाताई माझ्याजवळ येऊन स्टुलावर मटकन बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची!" मीही सुटले, असं मला वाटलं.

कशाची सुटतेय! मार्चअखेरीला दत्तोपंतांनी एक स्टेन्सिल पाठवली. भंगारात काढायच्या सामानाची यादी होती. बळीरामभाऊ हँडल फिरवू लागले. अनुक्रमांक पाच, तुटकी बादली. सहा, फाटकी ताडपत्री. सात, सायक्लोस्टाइल यंत्र, वारंवार बिघडते. मित्रांनो, माझ्याच पोटातून माझीच शिक्षा छापून बाहेर पडत होती! मनात आलं, आता खरंच बिघडावं.

पण हँडल थांबलं. बळीरामभाऊंनी तो कागद हातात घेतला. आता खरं सांगितलं तर त्यांच्याच नोकरीवर येणार होतं. सरकारी काम खोटं बोलून थांबवणं म्हणजे काही खेळ नव्हे. तरी ते सरळ दत्तोपंतांपुढे गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबूजी, मशीन नव्हती बिघडली. स्क्रू माह्या खिशात होता. खोटं म्या बोललो. काय सजा द्याची ते मले द्या, तिले भंगारात नका टाकू."

दत्तोपंतांनी विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगतलं होतं नं, बाबूजी. तुमी म्हनलं, वाचू नको."

मग दत्तोपंत उठले, माझ्याजवळ आले, लाल बाटली उघडली आणि सातव्या क्रमांकावर ब्रश फिरवला. "माझा अंगठा अजून ठणकतो," ते पुटपुटले. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "आणि हे बघ, बळीराम, यापुढे माझ्याकडून जे येईल ते आधी वाचायचं. मग छापायचं." त्या दिवशी मी किती सुखाने झोपले असेन, याचा तुम्हीच विचार करा.

पुढच्या अंकाची स्टेन्सिल आली. बळीरामभाऊंनी हुकूम पाळला. काळं नख एकेका ओळीवरून फिरवत ते वाचू लागले. बदल्या झाल्या, बढत्या झाल्या. कर्मचारी वार्तेच्या अगदी शेवटी दत्तोपंतांनी टाइप केलं होतं, 'केंद्राचे शिपाई श्री. बळीराम रामटेके यांनी हिवरा येथील कार्यक्रमाबाबत झालेली आमची चूक वेळीच लक्षात आणून दिली. केंद्र त्यांचे आभारी आहे. त्यांची कन्या कु. जया ही दुसरीत पहिली आली आहे. अभिनंदन.'

हँडल फिरेना. आतून दत्तोपंत ओरडले, "काय झालं? मशीन बिघडली का?"

"नाही, बाबूजी," बळीरामभाऊ काळं नख त्या ओळीवर ठेवून म्हणाले. "मशीन एकदम चांगली हाये." आणि मग आम्ही दोघांनी मिळून ते पान छापलं. आपल्या घरासाठी त्यांनी एक प्रत जास्तीची काढली, पण ते कुणाला सांगू नका.

आता त्याला दहा वर्षं झाली. विजेवर चालणारी मोठी मशीन आली आणि मी कोपऱ्यात गेले. बळीरामभाऊ निवृत्त झाले. पण महिन्यातून एकदा येतात, माझ्या सांध्यांना तेल देतात, तो स्क्रू घट्ट आहे ना पाहतात. प्रेमिलाताई आता साहेबांच्या खुर्चीवर बसतात, म्हणूनच परवाचा भंगारवाला मला न घेताच गेला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरचं शिवणयंत्र असो, सायकल असो, जातं असो, त्याला वेळच्या वेळी तेलपाणी करा, त्याची धूळ पुसा. आणि चालता चालता ते थांबलं, तर लाथ मारण्याआधी जरा वाकून बघा. माणूस थांबला तरी तसंच. त्याच्यावर खेकसू नका, 'काहून गा थांबला?' एवढं नीट विचारा. मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की मी बिघडले नव्हते. मला थांबवलं होतं, आणि बरं झालं थांबवलं.