साखळी लांब सोड

मी एकुलता एक. त्यामुळे आईचे सगळे हट्ट माझ्या एकट्याच्या वाट्याला येतात, आणि मी तापट, म्हणून आधी ओरडतो आणि मग निमूट करतो. यंदा दिवाळी झाली आणि माझ्या आईने, बनुबाईने, नवाच हट्ट धरला. तिला धरणाच्या पाण्यात, उंबरावर जाऊन बसायचं होतं.

उंबर आता कुठला. आमचं जुनं गाव, मळा, विहीर, सगळं जायकवाडीच्या पाण्याखाली आहे. पाणी आलं तेव्हा मी तिच्या पोटात होतो. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. बारशाच्या आतच गेला. वडिलांनी त्याला मळ्यातल्या उंबराखाली ठेवलं. पुढे कामाला जाता-येता आई तिथे घडीभर टेकायची. मग पाणी चढलं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तेव्हा लोक उघड्या गाळात गाळपेर करतात, पण नदीकाठचा तो तुकडा खोल आहे, तो कधी उघडा पडत नाही.

"इतकी वर्षं न्हाई ते आत्ताच का?" मी विचारलं.

"येका डोळ्यानं दिसंना झालंय. दुसऱ्यानं खून दिसतीय तवर ने मला."

खूण फक्त तिलाच ठाऊक. बुडालेल्या देवळाचा पाण्यावर उरलेला कळस आणि पलीकडची खिंड एका ओळीत यायला हवी, आणि उजव्या हाताची दोन टेकाडं एकमेकांना चिकटलेली दिसायला हवीत. तसं झालं की खाली उंबर. तिचा दुसरा डोळा गेला की ती जागा कायमची हरवणार, एवढं माझ्याही डोक्यात शिरलं.

होडी होती. पाणी मागे गेलं की पंपाची मोटार पुढे न्यावी लागते, त्यासाठी घेतलेली, दोन माणसांपुरती. काठाकाठाने फिरणारी, तिला नांगर कशाला लागतोय? पण खुणेवर थांबायचं तर काहीतरी खाली सोडायलाच हवं. आम्ही पडलो शेतकरी. थांबवायचं म्हटलं की आम्हाला दोनच गोष्टी सुचतात, वजन आणि आखूड दावं. मी फुटक्या जात्याची तळी घेतली, तिला बैलाला बांधावं तसा आखूड दोर बांधला आणि आईला घेऊन निघालो.

सकाळचं पाणी दुधासारखं होतं. काठ मागे पडला आणि आम्ही जुन्या वाटेवरूनच चाललोय असं वाटायला लागलं. आई खाली बघून सांगत होती, ही चावडी, हितं आपला गोठा. खाली नुसतं हिरवट अंधारं पाणी. "थांब," ती म्हणाली, आणि मी दगड सोडला. होडी थांबली. मग वारा सुटला आणि तो दगड गाळावरून घसरत आमच्यामागे येऊ लागला. आई एका डोळ्याने मान वळवून खूण धरायला बघत राहिली.

"गेली खून," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ नेला. तो गाळ ओरबाडत वर आला, आकड्यांना बाभळीची काळी फांदी घेऊन. परतताना आई ती फांदी मांडीवर घेऊन बसली. मला तेच झोंबलं.

मग मी खालच्या जमिनीचा विचार करू लागलो. डोळे मिटले की ती दिसायची, वर गाळाची मऊ गादी आणि मासे बांधावरून पलीकडे चाललेले. अशा मऊ भुईत वजन रुतत नाही, घसरतं. तिथे पातं हवं, रुंद, भुईत तिरपं शिरणारं. गोठ्यात वखराच्या दोन जुन्या पाशी, म्हणजे त्याची लोखंडी पाती, गंजत पडल्या होत्या. त्या घेऊन मी तिसगावच्या बाजाराला गेलो. डोळ्यात घालायचं औषध आणायचं म्हणून आई सोबत होती. तिथे वैजनाथ वेल्डरने त्या कापून एका दांडीला जोडल्या.

साखळीवरून मात्र आमचं वाजलं. भंगारवाल्याकडे ट्रॉलीची जाडजूड साखळी होती, पण आखूड. दुसरी बारीक होती, चांगली लांब. मी जाड उचलली.

"वखर वरवर चालाय लागला की तुजा बाप काय करायचा?" आईने विचारलं.

"दगड ठिवायचा वर."

"दगड नंतर. आदी दोर लांब सोडायचा. दोर आखूड आसला की वखर वर उचलतो. लांब सोडला की पास भुईत शिरती."

मी लहानपणी वखर धरला होता, पण ट्रॅक्टर आल्यापासून सगळं विसरलो होतो. एवढ्याशा होडीला ट्रॉलीची साखळी हवी कशाला, असं मीच भंगारवाल्याला ऐकवलं, जणू जाड साखळी त्यानेच माझ्या गळ्यात घातली होती. बारीक घेतली.

तिसऱ्या खेपेला खुणेच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडाला जाऊन मी नांगर सोडला. "साखळी लांब सोड," आई म्हणाली. "आजून सोड." होडी मागे मागे सरकत गेली, साखळी ताणली, आणि पास भुईत शिरताना हाताला बसतो तोच हिसका मला बसला. आमच्याच मळ्यात. होडी थांबली. कळस, खिंड, टेकाडं, सगळं ओळीत होतं.

मग वारा जरा फिरला आणि होडी हळूच डावीकडे गेली. तिथून उजवीकडे आली. लांब साखळीवर ती खुणेच्या अल्याड-पल्याड झुलायला लागली. माझं डोकं फिरलं. एवढं करून जागेवर राहत नाही म्हणजे काय?

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "पाळणा हाय त्यो."

तिने ताणलेली साखळी हातात घेतली. "ये, तू वढ. त्याचं बारसं ऱ्हायलंय."

मी हलक्या हाताने साखळी ओढू लागलो. होडी झुलत होती. आई वाकली, साखळीला ओठ लावून काहीतरी पुटपुटली.

"काय ठिवायचं हुतं नाव?" मी विचारलं.

"ठिवायचं हुतं ते तुला ठिवलं, गोरक्षा. त्याला दुसरं शोदत बसले." ती सरळ झाली आणि बारशाला आलेल्या बायांना सांगावं तसं मोठ्याने म्हणाली, "भिमाजी."

मी साखळी ओढत राहिलो.

"आन् आता कुनी इचारलं," आई म्हणाली, "तर एकुलता हाय म्हनू नगंस. दोगं भाऊ हाय म्हन."